पाहुणीचं पाणी

माझे समोरचे दात तपकिरी आहेत. आडवे पट्टे, आणि मध्ये मध्ये खडू घासल्यासारखे पांढरे डाग. कॉलेजच्या वेबसाइटवर माझा फोटो आहे, त्यात मी ओठ घट्ट मिटून बसले आहे. पहिल्या वर्षाची मुलं तो पाहूनच ठरवतात की बाई खडूस आहेत. बाई खडूस आहेतच, पण त्याचा फोटोशी काही संबंध नाही.

आमचं गाव बेल्याच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून, पण हद्दीच्या पलीकडे, तेलुगू मुलखात. पैनगंगा हाकेच्या अंतरावर, तरी प्यायला आधी विहिरीचं आणि नंतर बोरिंगचं पाणी. खडकातलं फ्लोराइड त्या पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गावाला विचाराल तर आमच्या बोरिंगएवढं गोड पाणी अख्ख्या जिल्ह्यात नाही. माझ्या लहानपणी गावात सगळ्यांचेच दात असे होते, त्यामुळे दात असेच असतात असा आमचा समज होता. आणि दात निदान दिसतात तरी. हाडांत तेच साचत जातं ते दिसत नाही. माणूस ऐन चाळिशीत गुडघे धरून उठायला लागतो आणि म्हणतो, वय झालं.

मी शिकले, पर्यावरण अभियांत्रिकीत आले आणि हैदराबादच्या एका कॉलेजात पाणी शुद्ध कसं करायचं हे शिकवता शिकवता केस पांढरे केले. या वाटेवर माझ्यावर उपकार केलेली माणसं पुष्कळ आहेत. शिक्षक आहेत, सहकारी आहेत, हट्टाला पेटलेल्या माझ्या संशोधक मुली आहेत. त्यांचे आभार मी वेळोवेळी व्यासपीठावरून मानलेले आहेत. हे लिहायला बसले आहे ते माझ्या वहिनीसाठी, कारण तिला व्यासपीठावर बोलवायची सोय नाही आणि बोलावलं तर ती यायची नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होते. मी तिला तू म्हणते, ती मला आजही तुमी म्हणते. नणंदेचा मान तो नणंदेचा मान, मग नणंद कितीही लहान असो.

माझं काम काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपली हाडं आणि दात ज्या खनिजाचे बनतात, त्या खनिजाला फ्लोराइडची ओढ असते. म्हणूनच पाण्यातून आलेलं फ्लोराइड तिथे जाऊन बसतं. मग तेच खनिज प्रयोगशाळेत बनवून पाण्याच्या वाटेत आधीच ठेवलं तर फ्लोराइड तिथेच अडकेल आणि पुढे चांगलं पाणी जाईल. ही कल्पना माझी नाही, जुनीच आहे. आमची भर एवढीच, की आम्ही त्याचे कण अतिशय बारीक केले, ज्याला नॅनो म्हणतात तितके. गुळाचा खडा चहात विरघळायला वेळ घेतो आणि चुरा लगेच विरघळतो, कारण चुऱ्याला पाणी सगळीकडून भिडतं. तसंच हे. कण जितके बारीक, तितकी फ्लोराइड धरायला जागा जास्त. पण इतके बारीक कण पाण्याबरोबर पोटात जायला लागले तर रोगापेक्षा औषधच महागात पडायचं. म्हणून ते भाजलेल्या मातीच्या दाण्यांवर पक्के बसवायचे, असे की काही केल्या सुटू नयेत. हे बसवणं जमेपर्यंत माझी उमेदीची वर्षं गेली. सुटत नाहीत अशी खात्री पटल्यावरही मी ते पाणी आधी बरेच दिवस स्वतः प्यायले आणि मगच दुसऱ्याच्या हातात पेला दिला.

त्याच सुमारास भाच्याला, म्हणजे वहिनीच्या मुलाला, मुलगी झाली. ती दुधाबरोबर वरचं पाणी प्यायला लागली तेव्हा मी आमची गाळणी घेऊन गावी गेले. स्टीलचे दोन डबे एकावर एक, मध्ये दाण्यांची नळी. वर पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून घ्यायचं. यात माझा स्वार्थ होता. समोरच्या पक्क्या दातांचं वरचं कवच मूल चार-पाच वर्षांचं होईतो हिरडीच्या आतच तयार होत असतं. त्या काळात मूल जे पाणी पितं ते त्या कवचावर उमटतं, आणि मग ते कशानंही पुसलं जात नाही. दात बाहेर येतात मात्र पुढे सहाव्या-सातव्या वर्षी. म्हणजे निकाल आधीच लागलेला असतो, कळायचा तेवढा राहिलेला असतो. आमच्या घरातल्या एका तरी पोरीचे दात नितळ यावेत, एवढं मला हवं होतं. पेपर छापून येणं, बढती मिळणं हे सगळं मी मिळवून पाहिलं होतं. हे एक राहिलं होतं.

गावात आता नळाची पाइपलाइन आलेली आहे. पण आमचं घर चढावर, अगदी टोकाला, तिथवर पाणी कधी चढतं कधी नाही. चढलं तरी माझा दादा तोंड वाकडं करतो. “त्याले दवाखान्याचा वास येते,” म्हणतो.

वहिनीनं गाळणीभोवती एक चक्कर मारली, तोटी उघडून बंद करून पाहिली.

“बाई, हे तुमी सोता बनवलं?”

“आतलं आम्ही बनवलं. डबे बाजारातले.”

“मंग हे सैपाकघरात नाई ठेवाचं,” ती म्हणाली. तिनं बैठकीच्या खोलीतलं कोपऱ्यातलं स्टूल रिकामं केलं, पुसलं, त्यावर गाळणी मांडली आणि वरून स्वतः विणलेला रुमाल घातला. मी मनातून सुखावले. माझ्या कामाचा इतका मान कुठल्याच परिषदेत झाला नव्हता.

त्यानंतर दर सुट्टीत मी गावी जायची आणि परत येताना नळीतले चिमूटभर दाणे बरोबर आणायची. त्यांनी किती फ्लोराइड धरलंय ते प्रयोगशाळेत मोजता येतं. दाणे जेवढे भरत जातील तेवढी त्यांची ताकद संपत जाते. पण आमचे दाणे भरायलाच तयार नव्हते. महिने गेले तरी ते जवळजवळ नवेच. मला आभाळ ठेंगणं झालं. विभागाच्या सेमिनारमध्ये मी आलेख दाखवला आणि आमचा पदार्थ अपेक्षेपेक्षा कितीतरी टिकाऊ निघाला असं ठासून सांगितलं. आमचे एक निवृत्तीला आलेले तेलुगू सहकारी चष्मा काढून तो पुसत म्हणाले, “मॅडम, घरात माणसं किती?”

“पाच.”

“आणि ती पाणी पितात ना?”

सगळे हसले. मी काही दिवस त्यांच्याशी बोलले नाही. कँटीनमध्ये ते समोर आले की मी डब्यातल्या भाजीत लक्ष घालायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी पुन्हा गावी गेले. भाचा आणि सूनबाई शेतात होते. पोरगी आता दुडुदुडु धावत होती आणि सगळ्यांवर हुकूम सोडत होती. दुपारी जमिनीच्या मोजणीसाठी महसूल खात्याचे एक साहेब आले. सरकारनं त्या पदाची नावं कितीदा बदलली तरी दादा त्यांना अजून गिरदावरच म्हणतो. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला, घासून लखलखीत केलेला तांब्या गाळणीखाली धरून भरला, बशीत गुळाचा खडा ठेवला आणि साहेबांसमोर आणला.

“घ्या जी साहेब. युनिवर्सिटीचं पानी हाय. आमच्या बाईनं बनवलं.”

साहेब प्यायले, पाण्याची स्तुती केली, माझी केली. मी ओठ मिटूनच हसले. तेवढ्यात पोरगी अंगणातून धुळीनं माखून आत आली, आमच्या सगळ्यांच्या मधून, गाळणीला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात गेली, तिथल्या माठात आपला छोटा पेला बुडवला आणि घटाघटा प्यायली.

साहेब जाईपर्यंत मी कशीबशी गप्प राहिले.

“वहिनी, ही कुठलं पाणी पिते?”

“माठातलं. बोरिंगचं. काऊन?”

“आणि तुम्ही सगळे?”

“आमी बी थेच. हे तं पाव्हन्याइचं हाय ना, बाई.”

खरं तर मला हे कळायला हवं होतं, मी याच घरात वाढले. सोनेरी काठाच्या कपबश्या कपाटात, त्या पाहुण्यांसाठी. फुलांची चादर पाहुण्यांसाठी. लोणकढं तूप, पाडाचा पहिला आंबा, गादीची चांगली बाजू, सगळं पाहुण्यांसाठी. चांगली वस्तू घरात आली की ती घरच्यांनी वापरायची नाही, हा आमच्या घराचा कायदाच. मग नणंदेनं स्वतः बनवलेलं पाणी कसं वापरतील? आणि मला इतके दिवस पत्ता का लागला नाही, तर मीही माहेरी पाहुणीच. मी आले की माझ्या हातात गाळणीचाच तांब्या यायचा, आणि मी समजायची की घर हेच पाणी पितंय. माझे दाणे टिकाऊ निघाले नव्हते. त्यांना कामच नव्हतं.

मग मी भडकले. माझा राग घरात प्रसिद्ध आहे, त्या दिवशी तो गल्लीनंही ऐकला. मी म्हटलं, गिरदावराला कशाला पाजता हे पाणी, त्याचे दात येऊन जमाना झाला, आता पडायचेच राहिलेत. ज्या पोरीसाठी मी हे एवढ्या लांबून आणलं ती माठातलं पिते आणि तुम्ही गाळणीला रुमाल घालता. दादा खाटेवरून म्हणाला, “आपल्याले का झालं व? ह्याच दातानं आपुन चने नाई फोडले?” त्याच्या या वाक्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही.

वहिनी तांदूळ निवडत होती. माझं सगळं बोलून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “पोरीचे दात खराब झाले असतीन का?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “झाले असतील, नसतील. ते आता आत बनतायत. बाहेर आल्यावरच कळेल.”

“म्हंजे कधी?”

“चार-पाच वर्षांनी.”

तिचा हात सुपातच थांबला. मला तेव्हा रागाच्या भरात तिचा चेहरा नीट पाहायचंही सुचलं नाही. आज तो आठवतो.

मला वाटलं, सकाळी गाळणी स्वयंपाकघरात जाईल. ती गेली नाही. मी पुन्हा तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाली, “बाई, थे सैपाकघरात गेलं का सगळ्याइचं होते. कोनी भांडं इसळन, कोनी पाय धुवन. एवढ्याशा डब्यातलं पानी पोरीपर्यंत उरन का? पाव्हन्याइचं म्हनून तं कोनी त्याले हात नाई लावला.” गाळणीतून दिवसाला मोजकंच पाणी निघतं, हे मीच तिला सांगितलेलं.

पोरीची आंघोळ झाली. वहिनीनं तिला उचलून बैठकीतल्या खाटेवर बसवलं. पाय खाली लोंबत होते. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, गाळणीतून तांब्या भरला, छोटा पेला त्यावर झाकला आणि काल साहेबांसमोर जशी वाकली होती तशीच पोरीसमोर वाकली.

“या, पाव्हनेबाई. पानी घ्या. घरचे बरे हायेत ना?”

पोरीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग पेला दोन्ही हातांनी धरून मोठ्या ऐटीत पाणी प्यायली.

जेवताना वहिनीनं घरात जाहीर करून टाकलं. “आजपासून हे घरची नाई. हे पाव्हनी हाय. पाव्हनीले कोनी माठातलं पानी देल्लं तं माह्याशी गाठ हाय.”

मला वाटलं, चार दिवसांचं कौतुक. पण ते टिकलं. भाचा शेतातून येऊन आधी विचारायचा, “पाव्हनेबाई, पानी घेतलं का?” सूनबाई पोरीसाठी वरणभात वेगळा टाकायची, त्याच पाण्यात, कारण पाहुणीचा स्वयंपाक पाहुण्यांच्या पाण्यातच व्हायला हवा. दादा, ज्याला दातांचं काही पडलेलं नव्हतं, तोसुद्धा पोरगी माठाकडे वळली की ओरडायचा, “पाव्हन्यानं आत नाई जावं!” आणि पोरीला तर हा खेळ फारच मानवला. तहान लागली की ती खाटेवर चढून बसायची आणि हाक मारायची, “पाव्हने आले!” घरचे बरे आहेत ना, असं विचारल्याशिवाय पेल्याला हात लावायची नाही. अंगणवाडीत जाऊन तेलुगू बोलायला लागल्यावर ती त्या पाण्याला ‘मंचि नीळ्ळु’ म्हणू लागली. तेलुगूत पिण्याच्या पाण्याला असंच म्हणतात, चांगलं पाणी. मला तिची ती भाषांतरं फार आवडायची.

एक घोटाळा झाला. पाहुण्याला नुसतं पाणी देत नाहीत, गूळ देतात. पाहुणीबाई गुळाशिवाय पाणी घेईनात. पुढच्या खेपेला मी पाहते तर दुधाचे दात किडून काळे. मी कपाळावर हात मारून घेतला. फ्लोराइड अगदी थोडं असलं तर दात किडू देत नाही, ते मी काढून टाकलेलं, आणि वरून हा गूळ. वहिनी शांत. “दुधाचेच हायेत, बाई. पडतीन. तुमी मांगून येनाऱ्याइचं पाहा.” तरी तिनं गूळ बंद करून फुटाणे सुरू केले, आणि पाहुणीबाईंनी त्याबद्दल रीतसर तक्रार केली.

मला खरं काय होतंय ते बोथच्या लग्नात कळलं. बोथ हे वहिनीचं माहेर. तिच्या सख्ख्या भावाच्या घरचं कार्य, मीही गेले होते. वहिनीच्या हातात पाण्याचा कॅन. पोरगी कुठेही जायची तर कॅन बरोबर असायचा, तसा तो तिथेही होता. मांडवात बसल्यावर तिच्या भावजयीनं पाणी आणलं. वहिनीनं स्वतः ते घेतलं, पण पोरीच्या पुढ्यातला पेला हळूच बाजूला केला आणि कॅनमधून ओतलं. भावजयीचा चेहरा मला दिसत होता.

“आमच्या घरचं पानी लेकराले चालत नाई का?” ती सगळ्यांसमोर म्हणाली.

“तसं नाई व,” वहिनी म्हणाली. “डाक्टरनं सांगतलं.”

डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं, आणि मी तिथेच बसले होते. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून ती खोटं बोलली. भावजय पुढे कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलत नव्हती. दुसऱ्याच्या दारचं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे शहरात राहून मी विसरले असेन, वहिनी विसरली नव्हती. आल्यागेल्याच्या मानासाठी जिनं चांगलं पाणी स्वतःच्या घशाखाली घातलं नाही, ती आता स्वतःच्या माहेरात पाहुणी होऊन नातीपायी पाण्याला नको म्हणत होती. लग्नघरांत, बारशांत, शेजारच्या हळदीकुंकवाला, सगळीकडे तिनं हे केलं. का, तर नणंद म्हणाली म्हणून. मी कधी तिला एखादा तक्ता दाखवला नव्हता, तिनं कधी मागितला नव्हता. माझ्या कामावर इतका विश्वास मी स्वतः तरी ठेवला होता की नाही, शंका आहे.

फक्त बासरला ती नरमली. पोरीला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला आम्ही सगळे सरस्वतीच्या देवळात गेलो. पुजाऱ्यानं तीर्थ पुढे केलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गोदावरीचं आहे, नदीच्या पाण्यात आपल्या बोरिंगसारखं काही नसतं. “नसन बी,” ती म्हणाली, “अन् असलं तं देवी पाह्यीन.” आणि कॅन खांबाशी टेकवून तिनं पोरीचा हात तीर्थाला पुढे केला.

तिकडे प्रयोगशाळेत माझा आलेख धाडकन खाली आला. दाणे आता भरायला लागले, हिशोबाप्रमाणे भरायला लागले, आणि मला दर काही महिन्यांनी नवे घेऊन जावं लागू लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी वाईट निकालानं इतकी खूश झाले. चष्मेवाल्या सहकाऱ्यांना मी स्वतः जाऊन ते सांगितलं. ते म्हणाले, “आता पितात.” मी म्हटलं, “आता पितात.” गेल्या काही वर्षांत गावातल्या आणखी काही घरांनी गाळणी मागून घेतली, पण त्या घरांत ती कुठे ठेवतात आणि कुणाला पाजतात हे मी आता पहिल्याच दिवशी विचारते.

मग दात पडायला लागले. पोरगी व्हिडिओ कॉलवर हलता दात जिभेनं ढकलून दाखवायची. पडलेला दात छपरावर टाकायचा आमच्याकडे रिवाज, म्हणजे उंदीर तो नेतो आणि आपला पांढरा दात देतो. आमचं घर आता स्लॅबचं, उंदराला तिथे काय काम? म्हणून दादानं तो शेजारच्या टिनावर भिरकावला आणि शेजारी भांडायला आले. खालचे दोन नवे दात आले, बरे दिसत होते, पण खालच्यांवर माझा भरवसा नाही. फ्लोराइडची खूण समोरच्या वरच्या दातांवर जास्त दिसते. फोनवर मला पुन्हा पुन्हा ते दाखवायचा पोरीचा प्रयत्न चालू होता आणि वहिनी कधीच स्क्रीनमध्ये येत नव्हती.

एका सकाळी तिचाच फोन आला.

“बाई, वरचा आला. एक पुरा आला, दुसरा अर्धा. तुमी येऊन पाहा.”

“फोटो पाठव ना.”

“फोटो नोको. तुमी या.”

“तुला कसा दिसतो?”

“मी नाई पाह्यला,” ती म्हणाली. “सूनबाई पाह्यते. मी नाई पाह्यला.”

मी रजा टाकली आणि निघाले. नागपूरचा हायवे सरळ आहे, गाडी चालवताना डोकं रिकामं असतं आणि नको ते सुचतं. पोरीनं माठातलं पाणी प्यायलेले ते सुरुवातीचे महिने मी किती वेळा मोजले असतील. मधल्या वर्षांत मी त्या दातांबद्दल वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत प्रश्न घातले होते. आता पेपर माझ्यापुढे यायचा होता.

घरी पोचले तर पोरगी तयार होऊन खाटेवर बसलेली. मी तिला अंगणात उजेडाला नेलं, हात धुतले, कापूस काढला. ओला दात सगळ्यांचाच चमकतो, डाग दिसतात ते तो कोरडा केल्यावर. मी तिचा ओठ वर करून दात टिपला आणि थांबले.

नव्या दाताच्या टोकाला असतात तशा करवतीसारख्या बारीक कडा होत्या. त्या कडेला अगदी लागून एक पांढुरकी रेघ, केसाएवढी. आणि तिच्या वर, हिरडीपर्यंत, नितळ दात. पट्टा नाही, ठिपका नाही. मी दुसरा, अर्धा आलेला दात टिपून पाहिला. तसाच. मला माझे डोळे खरे वाटेनात, म्हणून मी पुन्हा कापूस घेतला, पुन्हा पाहिलं. आमच्या घरात, या अंगणात, असा दात मी कधी पाहिला नव्हता. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं.

“का दिसते, बाई?” वहिनी दारातच उभी होती. चौकट धरून.

“नितळ आहेत, वहिनी. एकदम नितळ.” मग मी म्हटलं, कारण तिच्याशी मला खोटं बोलायचं नव्हतं, “टोकाला फक्त एक बारीक रेघ आहे. सांगितल्याशिवाय कुणाला दिसायची नाही.”

“कायची रेघ?”

“सुरुवातीची. माठातल्या पाण्याची. दात टोकापासून बनायला लागतो, मग वर वर जातो.”

ती अंगणात आली. पदरानं हात पुसले, गुडघ्यावर हात टेकत पोरीसमोर बसली, तिची हनुवटी धरली आणि पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होती. बराच वेळ तिचं बोट त्या रेघेपाशी होतं.

“म्हंजे हे रेघ माह्यापायी,” ती म्हणाली.

“रेघ बोरिंगपायी,” मी म्हटलं. “रेघेच्या वरचा सगळा दात तुझ्यापायी.”

पोरगी वैतागून तोंड मिटायला लागली. वहिनीनं तिला थांब म्हटलं, ओठ पुन्हा वर केला आणि या वेळी रेघेच्या वर पाहिलं.